दोर बसायला वेळ लागतो

जुनी खुर्ची हातात आली की मी आधी ती उलटी करते. पुढून सगळ्याच खुर्च्या गोड दिसतात, लग्नातल्या फोटोसारख्या. खरं काय ते खालून कळतं. रंधा हाताने मारलाय की मशीनने, पाय मूळचे आहेत की नंतर कुणी बसवलेत, सगळं. मग पाठीचे दोन उभे खांब मागच्या अंगाने बघायचे. इथल्या फार जुन्या खुर्च्यांना तिथे वरच्या टोकांशी लाकूड झिजून सपाट झालेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, सुताराने घाई केली. पुष्कळ खुर्च्या हाताखालून गेल्यावर उलगडा झाला. मूल पाय टाकायला लागलं की आई खुर्ची पाठीवर आडवी पाडून द्यायची, आणि मूल ती ढकलत घरभर फिरायचं. पांगुळगाडा हो, दुसरं काय. त्या झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला की मला अजून बरं वाटतं.

मंडळाच्या अंकाचं काम बघणारी अमृता म्हणाली, “काकू, या वेळी रेसिपी नको. तुमच्या कामाबद्दल लिहा, जुन्या कस्टमर्सबद्दल वगैरे.” मी म्हटलं, अगं, मी लोकांच्या खुर्च्यांच्या बैठका विणते, त्यात काय लिहायचं. पण लिहायला बसले आणि एकच आठवण दार अडवून उभी राहिली. ती सांगितल्याशिवाय बाकीच्यांना वाट मिळणार नाही. तरी आधी थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे तुम्हाला पुढचं कळेल.

आमच्या ह्यांना गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला आलो. माझ्या व्हिसावर मला काम करता येत नव्हतं. एकदा गराज सेलमध्ये बैठक फाटलेली एक खुर्ची मिळाली, फुकट. तिची बैठक पाणकणसाच्या पातीला पीळ देऊन विणलेली होती. माझे वडील, अण्णा, गावाकडे बाज विणायचे. ते विणत असताना मी शेजारी बसून सुंभ पुढे करायचे. तर मी ती फाटकी बैठक उसवली, कशावरून काय गेलंय ते बघितलं आणि परत विणली. वाकडी झाली. पुन्हा उसवली. असं करत करत शिकले. पुढे ग्रीन कार्ड आल्यावर गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने कामं द्यायला सुरुवात केली, आणि मी ‘खुर्चीवाल्या काकू’ झाले.

आपल्या मंडळींना माझं काम कधी फारसं रुचलं नाही. “काकू, कुणाकुणाच्या घरातलं असतं ते. काय माहीत त्यावर कोण गेलंय.” मी म्हणायची, अरे, खुर्चीवर शक्यतो कुणी जात नाही. पण मनातून मलाही ते पटायचं. जुना पलंग दुरुस्तीला आला की मी संध्याकाळी अंगावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे.

आणि ज्यांना रुचलं त्यांची गंमत ऐका. पुण्याचं एक तरुण जोडपं, फार लाघवी. माझ्या सांगण्यावरून त्यांनी एक पाइनची पेटी घेतली. तिच्यावर मूळचा निळा रंग होता, कुठे गेलेला, कुठे राहिलेला, धुरकटलेला. त्या पेटीचं सगळं वय त्या रंगात होतं. दिवाळीच्या आधी मला बोलावलं. “काकू, बघा.” पेटी गरम पाण्याने, साबणाने, घासणीने लख्ख धुतलेली. पांढरंशुभ्र लाकूड. वर पणत्यांचं ताट. पोरगी कौतुकाने बघत होती माझ्याकडे. “स्वच्छ झाली गं,” म्हटलं आणि फराळाला बसले.

आता तर ही सगळी पंचाईतच संपली. जुनं लाकूड कुणाला नको. दुकानदार त्याला ‘ब्राउन फर्निचर’ म्हणतात, आणि ते शब्द उच्चारताना तोंड असं करतात की जणू कुणाच्या आजाराबद्दल बोलताहेत. मुलं आईवडिलांची टेबलं रस्त्याकडेला ठेवून देतात. माझ्याकडे महिन्यातून एखादी खुर्ची येते.

असो. लॉईड आणि युनिस, माझे जुने कस्टमर, नवराबायको.

त्यांचं घर नोव्हायच्या पश्चिमेला, अजून डांबर न पडलेल्या एका रस्त्यावर होतं. दोन्ही बाजूंनी नवी घरं येऊन टेकलेली आणि मध्ये हे पांढरं, पुढे खांब असलेलं शेतघर. लॉईडच्या पणजोबांचे वडील न्यूयॉर्ककडून बोटीने आणि मग बैलगाडीने मिशिगनला आले, तेव्हा त्यांनी सोबत सुटा करून एक पलंग आणला होता. चार खांबांचा, मेपल लाकडाचा, दोराचा. त्या काळी पलंगाला फळ्या नसायच्या. चौकटीला भोकं असायची, त्यांतून जाड दोर आधी उभा ओवायचा, मग आडवा, आणि वर पेंढ्याची नाहीतर पिसांची गादी. माणसाच्या वजनाने दोर सैल पडतो, मध्ये झोळ येतो. तो ताणायला लाकडाची एक किल्ली असते, ती दोराला अडकवून पीळ देत एकेक फेर घट्ट करत जायचा. कुणी झोपलं नाही तर दोर वर्षानुवर्षं जागचा हलत नाही, झोपलं की सैल. एवढंच त्याचं शास्त्र.

लॉईडचा फोन आला तेव्हा युनिसला घरी आणलेलं होतं. डॉक्टरांनी करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत घरी येऊन काळजी घेणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी बटणाने वरखाली होणारा बेड दिला होता, तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत ठेवला होता. जुन्या घरांत अशी एक खोली असतेच. चुलीची ऊब मिळते म्हणून बाळंतीण तिथे, आजारी माणूस तिथे.

“नेली,” लॉईड म्हणाले. नलिनी त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही. “आमच्या घरातला प्रत्येक जण त्या पलंगावरून गेलाय. माझे आजोबा, वडील, आई. युनिस त्या प्लास्टिकच्या बेडवरून जावी असं मला नको आहे. माळ्यावरून मी पलंग खाली आणलाय. दोर तेवढा हवा. लवकर येशील?”

मी दुसऱ्या दिवशीच गेले. एक गोष्ट सांगून ठेवते. लॉईडना मी मनात अहो-जाहो करते आणि युनिसला अगं-तुगं. का ते विचारू नका. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’च म्हणत होते.

समोरच्या मोठ्या खोलीत लॉईडनी पलंग उभा करून ठेवला होता. खांब तेलाने पुसत होते. ऐंशी उलटलेला माणूस, एकट्याने माळ्यावरून ते ओंडके उतरवलेले. मी आधीच भिजवून ताणून वाळवलेला दोर घेऊन गेले होते आणि लगेच कामाला लागले. हात आपोआप चालत होते. संध्याकाळी लॉईड येऊन पलंगाशी उभे राहिले.

“सुंदर आहे, नेली.”

“पण?”

“पण हे काय आहे?”

मी बघितलं आणि मलाच हसू आलं. मी बाज विणली होती. बारीक दोर, तिरप्या विणीचा, अगदी अण्णांच्या हातचा. दोराचा पलंग मी त्याआधी दोनतीनदाच केला होता, आणि घाईत हातांनी आपलं लहानपणचं काम काढलं होतं.

“माझ्या आईचा बुद्धिबळाच्या पटासारखा होता,” लॉईड संकोचून म्हणाले. “मोठे चौकोन. जाड दोर. तुला वाईट नाही ना वाटणार?”

मी म्हटलं, उसवते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी जाड दोर आणायला गावात गेले. मी पलंगाशी बसून विणलेलं सोडवत होते, तेवढ्यात आतून युनिसने हाक मारली.

“इकडे ये जरा. पुढचं दार लोटून घे.”

आत गेले. एवढीशी झाली होती ती, पण डोळे पूर्वीसारखेच, मिस्कील. बेड पाठीकडून उंच केलेला. समोरच्या दारातून स्वयंपाकघर आणि त्याची खिडकी दिसत होती. खिडकीबाहेर पाखरांसाठी दाण्यांचा फीडर टांगलेला.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” ती म्हणाली, “पण तुझं चुकलं हे ऐकून मला इतकं बरं वाटलं.”

“का गं?”

“आता किती वेळ लागेल?”

“दोर भिजवून, ताणून, वाळवून घेतला की लगेच ओवता येईल.”

“आणि नाही भिजवला तर?”

मी तिच्याकडे बघितलं. जन्मभर शेतावर राहिलेली बाई. दोर कसा वागतो ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

“मग सैल पडत राहील. रोज ताणावा लागेल.”

“मग नको भिजवूस.”

मी स्टूल ओढून बसले. ती थांबत थांबत बोलली. लग्न होऊन आली तेव्हा सासू त्या पलंगावर झोपायची. पुढे अंथरुणाला खिळली तीही त्याच पलंगावर. वर्षानुवर्षं. “रात्रभरात ती मधल्या झोळात घसरायची. रोज सकाळी मी तिला त्या खड्ड्यातून वर ओढायचे. माझी कंबर गेली ती तिथेच. आणि वर ओढलं की ती म्हणायची, लॉईड कुठे आहे? एकदासुद्धा मला नावाने हाक नाही मारली त्या बाईने.” तिने मान खिडकीकडे वळवली. “मला त्या खड्ड्यात नाही जायचं, नेली. ती समोरची खोली त्यांची. माझी ही. हा स्टोव्ह, ही खिडकी. इथून मला बरं दिसतं.”

“मग सांग ना त्यांना.”

“सांगेन. आणि मग तो काय करील? इथे खुर्ची टाकून बसेल आणि माझ्याकडे बघत राहील.” ती हसली. “काल ऐकलंस? खांब पुसताना शिट्टी वाजवत होता. मी आजारी पडल्यापासून त्याची शिट्टी बंद झाली होती. तुला फक्त वेळ लावायचाय. तो खूश, मी खूश. मला काही फार वेळ नको आहे.”

काम मला लॉईडनी दिलं होतं. कुठल्याही कारागिराला विचारा, काम देणाऱ्याचं करायचं. पण मीही कुणाची तरी सून होते. आमच्या सासरी पुढच्या खोलीत सागवानी पलंग होता, त्यावर मी एकदाही टेकले नाही. टेकू नकोस असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. शिवाय आपल्याकडे शेवटच्या वेळी माणसाला खाटेवरून उतरवून भुईवर घेतात, आणि इथे हा माणूस बायकोला मुद्दाम पलंगावर चढवायला निघाला होता, तेही प्रेमापोटी. काय बरोबर नि काय चूक ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. मी तिचा हात हातात घेतला आणि “बरं” म्हटलं.

लॉईड नवा कोरा दोर घेऊन आले. मी तो तसाच ओवला.

मग रोजचं सुरू झालं. दोर बसावा म्हणून पलंगावर वजन ठेवतात. लॉईडनी कोठीतली दाण्याची पोती आणून ठेवली. सकाळी मी जायची, पोती उतरवायची, दोर खाली गेलेला असायचा, दोघं मिळून तो ताणायचो. किल्ली ते फिरवायचे, आणि ताणलेला दोर सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी मी ठोकायची. मग पुन्हा पोती. एके दिवशी पोती परत ठेवताना ते मध्येच थांबले, एक पोतं उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं.

“आता तिचं एवढं वजन नाही,” ते म्हणाले.

मला वर बघवलं नाही. किल्ली हातात होती, ती पुसत बसले.

त्यांची मुलगी पॅटी ओहायोहून आली होती. तडफदार, नर्सशी बोलणं, औषधं, सगळं तिच्याकडे. तिने दोन दिवस बघितलं आणि मला स्वयंपाकघरात गाठलं.

“नेली, आय डोंट गेट इट. हे संपणार कधी? डॅड झोपत नाहीत. रात्री उठून दोर दाबून बघतात.”

“नवा दोर आहे. बसायला वेळ लागतो.”

“मग वर प्लायवूड टाकू. त्यावर गादी. आजच्या आज मॉमला शिफ्ट करू. काय बिघडलं?”

काहीही बिघडलं नसतं. लोक सर्रास करतात. दाराशी लॉईड उभे होते, आणि आतल्या खोलीतून युनिस ऐकत होती हे मला माहीत होतं. पॅटी म्हणाली, “डॅड, बोला ना.” लॉईड माझ्याकडे बघत होते. हे लाकूड त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं असं त्यांना वाटायचं.

“चौकट फार जुनी आहे,” मी म्हटलं. “दोराने ती चारी बाजूंनी आत ओढलेली राहते. प्लायवूडने सगळा भार कडांवर येईल. एखादी कड चिरली तर?”

हे खोटं नव्हतं. फार खरंही नव्हतं.

“मग नको,” लॉईड म्हणाले. “करायचं तर नीट करू. तिच्यासाठी आहे.”

पॅटी आत आईकडे गेली. “मॉम, तुला काय वाटतं?” मी कान टवकारले. युनिस म्हणाली, “मला काय कळतं गं त्यातलं. नेली म्हणेल तसं.” आणि मग, “पडदा जरा सरकव.”

पुढे आणखी काही दिवस गेले. बर्फ वितळून रस्त्यावर चिखल झाला होता. एक दिवस सकाळी मी गाडीत बसत होते तेवढ्यात पॅटीचा फोन आला. तिचा आवाज अगदी शांत होता. मॉम गेली. पहाटे जागी झाली, खिडकीकडे बघत होती, फीडरमध्ये दाणे घातलेस का विचारलं. “मी बाहेर जाऊन घालून आले,” पॅटी म्हणाली, “तर.”

मी पोचले तेव्हा लॉईड समोरच्या खोलीत होते. पोती एकेक करून उतरवत होते. मी नुसती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“हे बघ,” ते म्हणाले, आणि तळवा दोरावर ठेवून दाबला. “आज खाली गेलेला नाही. काल सोडला तिथेच आहे. बसला, नेली. आज बसला.”

मी दाबून बघितला. खरंच बसला होता.

“एक दिवस,” ते म्हणाले. “एकच दिवस कमी पडला.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू नीटच केलंस, नव्या दोराला तू काय करणार. पॅटी मात्र तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. त्यांच्या चर्चमधल्या बायकांकडून पूर्वी खूप खुर्च्या यायच्या. त्या हळूहळू बंद झाल्या. कुणीतरी मला सांगितलं, तुझं काम चांगलं म्हणतात, पण वेळ फार लावतेस. मी काय सांगणार होते? सांगितलं असतं तर माझं नाव राहिलं असतं आणि लॉईडची शिट्टी खोटी पडली असती. युनिसने ती ऐकत ऐकत डोळे मिटले. हे मराठीत लिहितेय म्हणून लिहिते आहे. त्या घरातलं कुणी हे वाचणार नाही.

लॉईड अजून आहेत. नव्वदीला आले. पॅटी ओहायोला बोलावते, जात नाहीत. युनिस गेल्यावर महिन्याभराने त्यांनी मला फोन करून सांगितलं की आता तो पलंग ते स्वतः वापरणार, एवढं केलंस ते वाया नको जायला. तेव्हापासून दर वर्षी पानगळीच्या सुमारास मला बोलावतात. दोर सैल झाला असेल, ये. मी किल्ली घेऊन जाते. ते ॲपल पाय आणून ठेवतात, दुकानातला, आणि प्रत्येक वेळी कुठल्या तरी वाटेने त्या सकाळवर येतात. एकच दिवस, नेली. मी ऐकून घेते. ते माझं त्या कामातलं उरलेलं काम आहे असं समजते.

यंदाही गेले. गुडघे दुखतात आता, खाली बसायला वेळ लागला. गादी उचलली, किल्ली दोराला लावली, आणि ती फिरेना. पाव फेरसुद्धा नाही. दुसरीकडे लावून बघितली, तिसरीकडे. गेल्या वर्षी मी खुंटी ठोकून सोडला होता, दोर तिथेच होता, वीणेच्या तारेसारखा. त्यावर वर्षभरात कुणी पाठ टेकली नव्हती. कदाचित त्याआधीच्या वर्षीही नसेल. तेव्हा माझ्या लक्षात आलं नसेल, मी बोलण्यात असते.

हात धुवायला मी स्वयंपाकघरात गेले. छोट्या खोलीचं दार उघडं होतं. हॉस्पिसचा बेड केव्हाच परत गेला. त्या जागी एक अरुंद लोखंडी खाट होती, पडल्यापडल्या स्वयंपाकघराची खिडकी दिसेल अशी उशी, पांघरूण नुकतंच दूर सारलेलं. शेजारच्या स्टुलावर लॉईडचा चष्मा आणि दाण्यांची पिशवी.

मी नळ बंद केला आणि परत पुढच्या खोलीत येऊन पलंगाशी बसले. लॉईड काठी टेकत मागून आले.

“मस्त झोप लागते यावर,” ते म्हणाले. “रोज तुझं नाव घेतो मी.”

“हो का.”

“बराच सैल झाला असेल ना?”

मी किल्ली पुन्हा दोराला अडकवली, दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावल्यासारखं केलं.

“हो,” मी म्हटलं. “रोज झोपता ना. होणारच.”